मधुमेही दृष्टिपटलविकार: तक्ता आणि पाखाडी
नजर तपासण्याच्या तक्त्यावरची ६/९ ची ओळ (निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून वाचता येणारी अक्षरे सहा मीटरवरून) वाचणाऱ्या मधुमेही रुग्णाचे ‘फारसे अडत नाही’, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालतो. तक्ता पुरेशा उजेडात, ठळक काळ्या अक्षरांवर, फक्त समोरच्या नजरेची तीक्ष्णता मोजतो. मधुमेहामुळे दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पडदा) बिघडून त्यावर विस्तृत लेसर उपचार झालेल्या माणसाची कडेची आणि अंधारातली नजर उणावू शकते, आणि ती ओळ वाचूनही रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीत दिवेलागणीनंतर जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरताना त्याला कुणाचा तरी हात धरावा लागतो. नजरेमुळे रोजच्या जगण्यात काय अडते हे रुग्णालाच विचारणाऱ्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या ‘एनईआय व्हीएफक्यू-२५’ या प्रश्नावलीत अंधुक प्रकाशात पायऱ्या उतरणे, परावलंबन, चिंता यांविषयी थेट प्रश्न असून गुण ० ते १०० असे दिले जातात. तिच्यातले वाहन चालवण्याचे प्रश्न मात्र आमच्याकडच्या कित्येक वयस्क स्त्रियांना लागूच पडत नाहीत (त्यांची गाडी एसटीची!). तो भाग वगळून सरासरी काढता येते. पण कल्ले पाहून मासळीचा ताजेपणा ओळखणे, तांदूळ निवडणे किंवा इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या बारीक रेघा वाचणे यांविषयी विचारलेच नाही, तर ती सरासरी अर्धवट राहते. शिवाय मधुमेही दृष्टिपटलविकार सुरुवातीला बहुधा लक्षणांविना वाढत असल्यामुळे प्रश्नावलीतले उत्तम गुण वार्षिक नेत्रतपासणीला पर्याय ठरत नाहीत.