जॉर्जियाने युरोपीय महासंघाशी सदस्यत्वाची बोलणी का लांबणीवर टाकली?

मांडवीकाठ (प्रश्न)

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात सापडलेले जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अस्थी-अवशेष भारताने जुलै २०२१ मध्ये जॉर्जियाला सुपूर्द केले, तेव्हापासून मी त्या देशाच्या बातम्या नेमाने वाचतो. एक गोष्ट मात्र उलगडत नाही. ज्याच्या राज्यघटनेतच युरोपीय महासंघ आणि नाटो यांत सामील होण्याचे उद्दिष्ट नोंदवलेले आहे आणि ज्याला डिसेंबर २०२३ मध्ये महासंघाने उमेदवार देशाचा दर्जा दिला, त्याच देशाच्या सरकारने वर्षही उलटले नाही तोच, २८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सदस्यत्वाच्या वाटाघाटींचा विषय २०२८ च्या अखेरीपर्यंत काढायचा नाही असे जाहीर केले. यामागे रशियाचा दबाव आहे, की पाश्चात्त्य देशांनी केलेली हेळसांड?

सह्यवासी

माझ्या मते याचे मूळ एप्रिल २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत आहे. जॉर्जिया आणि युक्रेन यांना नाटोच्या सदस्यत्वपूर्व कृती योजनेत घ्यावे असा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांचा आग्रह होता. जर्मनी आणि फ्रान्स यांचा त्याला विरोध होता. तडजोड म्हणून हे देश सदस्य होतील असे जाहीरनाम्यात लिहिले गेले, पण केव्हा आणि कसे याबद्दल चकार शब्द काढला गेला नाही. रशियाला डिवचायला तेवढे वाक्य पुरेसे होते. जॉर्जियाचे रक्षण करायला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. चारच महिन्यांनी रशियाशी युद्ध पेटले. महासंघानेच नेमलेल्या चौकशी समितीने त्याची सुरुवात दक्षिण ओसेशिया या फुटीर प्रदेशाची राजधानी त्स्खिनवाली हिच्यावरील जॉर्जियाच्या तोफमाऱ्याने झाली असे नोंदवले आणि रशियाची आधीची चिथावणी व नंतरची कारवाई यांवरही ठपका ठेवला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी शस्त्रसंधी घडवून आणली, तरी जॉर्जियाचा सुमारे एक पंचमांश भूभाग, म्हणजे आबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हे फुटीर प्रदेश, आजही रशियन सैन्याच्या ताब्यात आहे.

महासंघाचे निरीक्षक या भूभागाच्या सीमारेषेवर गस्त घालतात, पण त्यांना पलीकडे जाऊ दिले जात नाही. खुर्वालेती गावात रशियन सैनिकांनी उभारलेल्या काटेरी तारांमुळे एका वृद्धाचे घर पलीकडच्या बाजूला गेले आणि त्याला औषधे व खाण्याचे जिन्नस तारांवरून द्यावे लागत. असे प्रसंग वर्षानुवर्षे पाहणाऱ्या माणसांना पश्चिमेचे आश्वासन म्हणजे भिजत घोंगडे वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

नोंदवही

इतिहास मान्य आहे, पण २०२४ चा निर्णय त्यातून आपोआप निघत नाही. युद्धानंतर संबंध तुटले नाहीत, उलट वाढले: २०१४ मध्ये महासंघाशी सहयोग करार झाला आणि २०१७ पासून जॉर्जियन नागरिकांना शेंगेन देशांत (आपसांतील सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात) ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना जाता येऊ लागले. विशेष म्हणजे हे दोन्ही घडले तेव्हा सत्तेवर आजचाच पक्ष होता, अब्जाधीश बिद्झिना इवानिश्विली यांनी स्थापन केलेला ‘जॉर्जियन ड्रीम’.

वारे फिरले ते युक्रेनवरील आक्रमणानंतर. जॉर्जियाने रशियावर स्वतंत्र आर्थिक निर्बंध लादले नाहीत आणि मे २०२३ मध्ये थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. पुढच्या वर्षी, ज्या संस्थांना २० टक्क्यांहून अधिक निधी परदेशातून मिळतो त्यांना परकीय हितसंबंधांच्या वाहक म्हणून नोंदणी करणे सक्तीचे करणारा कायदा आला. राष्ट्राध्यक्ष सलोमे झुराबिश्विली यांनी वापरलेला नकाराधिकार संसदेने मोडून काढला. ऑक्टोबरच्या निवडणुकीचे निकाल मान्य करण्यास युरोपीय संसदेने २८ नोव्हेंबरला नकार दिला आणि त्याच दिवशी पंतप्रधान कोबाखिद्झे यांनी ती घोषणा केली. हा क्रम पाहता निर्णयामागे देशाच्या सुरक्षेपेक्षा सत्ता टिकवण्याची निकड अधिक दिसते. त्या रात्रीपासून राजधानी तिबिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर रोज जमू लागलेल्या नागरिकांचेही म्हणणे हेच होते, आणि मला ते पटते.

मांडवीकाठ

दोघांचेही आभार. मग जॉर्जिया आता रशियाच्या गोटात गेला असे समजायचे का?

सह्यवासी

इतक्या लवकर तसे म्हणू नये. अमेरिकेने दोनच दिवसांत जॉर्जियाशी असलेली सामरिक भागीदारी स्थगित केली आणि डिसेंबरमध्ये इवानिश्विली यांच्यावर निर्बंध लादले. महासंघात निर्बंधांच्या निर्णयाला सर्व सदस्यांची संमती लागते. हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांनी ती न दिल्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये केवळ राजनैतिक व सरकारी पारपत्रधारकांची व्हिसा सवलत थांबवण्यावर भागवावे लागले. दूतावास मात्र कोणी बंद केले नाहीत.

याउलट, रशियाशी जॉर्जियाने ऑगस्ट २००८ मध्ये तोडलेले राजनैतिक संबंध व्यापार वाढूनही जोडले गेलेले नाहीत आणि दोन्ही देशांचा औपचारिक व्यवहार स्वित्झर्लंडच्या मध्यस्थीने चालतो. आबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया यांना रशियाने स्वतंत्र देश म्हणून दिलेली मान्यता कायम असेपर्यंत तिबिलिसीतील कोणतेही सरकार, मग ते पश्चिमेवर कितीही रुष्ट असो, मॉस्कोत आपला दूतावास उघडू शकेल असे मला वाटत नाही.