मदत हवी आहे: कासवाचे डोळे सुजलेत, उदगीर की परभणी?

नमस्कार मंडळी. मी अहमदपूरचा. आमचं पाण्यातलं कासव (लाल कानाचं स्लायडर, वीतभर पाठीचं) चार-पाच दिवसांपासून डोळे उघडत नाही. दोन्ही पापण्या टम्म फुगल्यात, कडेला पांढरा चिकट थर धरतो. दिसतच नाही म्हणून खातही नाही. तोंडाशी गाजराचा कीस धरला तरी मान आत घेतं.

नाकातून फेस नाही, पोहताना एका बाजूला कलत नाही, पाठ टणक आहे. टाकीला फिल्टर, वर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, पाणी बोअरचं. आधीच्या घरी ते निव्वळ सुक्या कोळंबीवर होतं, त्यामुळे 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्याची शंका आहे. पाणी रोज बदलतोय, सलाईनने डोळे पुसतोय, सूज तशीच.

गावातले डॉक्टर गुराढोरांचे. कासव कधी तपासलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आयव्हरमेक्टिन (गुरांना जंत-गोचिडांवर देतात ते औषध) कासवाला घातक असतं, आणि 'अ'चं इंजेक्शन जास्त झालं तर कातडी सोलवटते, म्हणून अंदाजाने काही टोचायचं नाही. तळ्यात सोडा, असं कृपया सुचवू नका. ही परदेशी जात आहे, आपल्याकडच्या कासवांच्या मुळावर येते.

उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कुणी अलीकडे कासव दाखवलंय का? तिथे ते तपासणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात? आणि या उन्हात एसटीने नेताना टबात पाणी ठेवू की नुसता ओला टॉवेल?