मदत हवी आहे: दुसऱ्यांना श्रद्धा सांगते, स्वतःची प्रार्थना मात्र कोरडी

नमस्कार. मी लॅटर-डे सेंट्स चर्चची (लोक ज्याला मॉर्मन पंथ म्हणतात) मिशनरी आहे. आमच्यात मुलींची सेवा 18 महिन्यांची असते (मुलांची 24), त्यातला अकरावा महिना चालू आहे. धीटपणा आला, हे खरं. पूर्वी अनोळखी दाराची बेल वाजवायची म्हटलं की तळहाताला घाम फुटायचा. आता तोंडावर दार आपटलं तरी 'चला, पुढचं' म्हणून निघते. दिवसभर सोबत असणाऱ्या जोडीदारणीशी जुळवून घेणं त्याहून अवघड होतं, तेही जमलं.

अडलंय ते दुसरीकडेच. गेल्या आठवड्यात एका आजींनी विचारलं, "तुझं ऐकतो का गं तो?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं. रात्री गुडघे टेकले तर शब्दच फुटेना. मदर तेरेसांच्या पत्रांतही अशी वर्षानुवर्षांची कोरड आहे, पण त्या मदर तेरेसा!

2019 पासून आम्हाला दर आठवड्याला घरी फोन करता येतो. आईला सांगितलं तर ती काळजीने अर्धी होईल. मिशन प्रेसिडेंटांशी (आमच्या भागातल्या मिशनरींच्या प्रमुखांशी) बोलू का? कोणत्याही पंथात सेवा केलेल्यांनी सांगा: तुमची कोरड गेली का? आणि तोवर लोकांसमोर काय बोलत होतात?