मॉडेल बोटीच्या पट्ट्या नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) एकमेकींवर चढतायत, टेपर (निमुळतेपणा) नेमका किती काढायचा?

होडीवेडी
नमस्कार मंडळी, किटमधून पहिलीच लाकडी मॉडेल बोट बांधतेय. छोटी मासेमारीची शिडाची बोट आहे, डबल प्लँकिंगची, म्हणजे अंगावर पट्ट्यांचे (प्लँकचे) दोन थर, पहिला थर लाइमवुडचा दीड मिमी जाड आणि 4 मिमी रुंद पट्ट्यांचा, वरचा थर अक्रोडाचा, अर्धा मिमी. कील (तळाचा लांब कणा) आणि फ्रेम्स (त्यावरचे आडवे सांगाड्याचे तुकडे) जोडून झाल्यात, डेकही बसवलाय. आता ग्लू न लावता नुसत्या क्लिपांनी पट्ट्या लावून बघतेय तर मधल्या फ्रेमवर छान शेजारी शेजारी बसतात पण पुढे नाळेकडे गेल्या की जागाच उरत नाही, एक दुसरीवर चढते, आणि जबरदस्तीने खाली दाबली तर तिची एक कड फ्रेमवरून उचलली जाते. मागच्या बाजूला उलटंच, तिथे फटी पडतायत. सूचनापत्रात एवढंच लिहिलंय की पट्ट्या गरजेप्रमाणे निमुळत्या करा. गरज किती ते कसं ठरवायचं? की सरळ लावून नंतर पुट्टी भरायची?

रंधा
ताई, ग्लू लावायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. आधी कारण सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. लाकडी पट्टी सपाट बाजूने हवी तशी वाकते, पिळतेही, पण कडेच्या दिशेने वाकत नाही. तुम्ही तिला डेकच्या रेषेशी समांतर न्यायला बघताय म्हणजे कडेने वाकवताय, म्हणून ती उचलली जातेय. दुसरं म्हणजे बोटीचा घेर मध्ये मोठा आणि नाळेशी लहान, पट्ट्यांची संख्या तीच, मग प्रत्येकीने पुढे अरुंद व्हायलाच हवं.

आता मोजायचं कसं. कागदाची बारीक पट्टी घ्या, मधल्या फ्रेमवर डेकपासून कीलपर्यंत अंगाला चिकटवून धरा आणि खूण करा. समजा 72 मिमी आलं, पट्टी 4 मिमीची, म्हणजे एका बाजूला 18 पट्ट्या. मग तसंच नाळेशी मोजा, समजा 45 मिमी आलं, भागिले 18 म्हणजे अडीच मिमी. झालं, तिथे प्रत्येक पट्टी अडीच मिमी हवी. असं प्रत्येक फ्रेमवर मोजून 18 भाग पाडून पेन्सिलने खुणा करा, पट्टी कुठून निमुळती व्हायला लागते ते आपोआप दिसतं. मागे समजा 90 मिमी आलं तर 5 मिमी हवी, पट्टी तर 4चीच, म्हणून तुमच्या फटी. तिथे पाचरीसारखे तुकडे घालतात, स्टीलर म्हणतात त्याला, खऱ्या जहाजांवरही घालायचे, त्यात कमीपणा काही नाही.

एक नियम मात्र पाळा, पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करू नका, म्हणजे तुमच्याकडे 2 मिमीच्या खाली नाही. टोक त्याहून बारीक झालं की चिरतं आणि पिन तर मारताच येत नाही. तेवढं बारीक करायची वेळ आली तर दोन पट्ट्या संपवून पुढे एकच न्यायची.

शिडवाला
रंधा यांनी सांगितलंय ते बरोबरच आहे पण त्याच्याही आधीचं एक काम, फ्रेम्सच्या कडा उतरवल्यात का? लेझरने कापलेल्या फ्रेमची कड काटकोनात असते आणि पट्टी तर तिरकी येते, त्यामुळे ती फ्रेमच्या फक्त एका धारेवर टेकते. नाळेकडच्या फ्रेम्सची पुढची धार घासायची, मागच्या फ्रेम्सची मागची, मधल्या एकदोन फ्रेम्सना जवळपास हातच लावायचा नाही. लेझरची जी काळी रेघ असते ना ती मधल्या फ्रेमकडच्या धारेवर बारीकशी शिल्लक ठेवा, ती गेली की समजायचं जास्त घासलं. लांब पट्टीवर सँडपेपर चिकटवून एकावेळी तीनचार फ्रेम्सवरून फिरवा आणि सारखी एक प्लँक आडवी धरून बघत जा, ती सगळ्या फ्रेम्सना पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. माझ्या मते प्लँकिंग चांगलं होणार की नाही हे इथेच ठरतं, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात कारण हे काम दिसत नाही.

तुमच्या किटला खोक्यावर प्लँक ऑन फ्रेम लिहिलं असेल पण बहुतेक किटमध्ये असतात ते बल्कहेड, अख्खे आडवे तुकडे कण्यात खाच करून बसवलेले. खऱ्या फ्रेम्स तुकड्या तुकड्यांनी जोडलेल्या बरगड्या असतात आणि फार जवळ जवळ येतात. बल्कहेडमध्ये अंतर जास्त त्यामुळे मध्येच अंग सपाट पडतं, म्हणून पहिल्या दोन बल्कहेडच्या मध्ये बाल्साचे (हलक्या मऊ लाकडाचे) ठोकळे भरून आकार द्या, नाळेला पट्टी चिकटायलाही भरपूर जागा मिळते.

पाचर
पहिल्या थराला एवढं टेपरचं गणित कशाला पण? तो झाकलाच जाणार आहे. सरळ लावा, चढली तर कापा, फटीत पुट्टी, घासून टाका.

रंधा
@पाचर झाकला जातो हे खरं, पण वरचा थर अर्धा मिमीचा आहे हो, खालचा उंचसखलपणा त्यातून जसाच्या तसा वर येतो आणि तो घासायला गेलं तर अक्रोड संपून खालचं पांढरं लाकूड दिसायला लागतं. फटी थोड्या राहिल्या तर चालतील, त्यातही पुट्टीपेक्षा लाकडाची बारीक चिंधी ग्लू लावून बसवलेली बरी. पण कड उचललेली नको म्हणजे नकोच.

फळीवाली
थोडं माझ्याकडून. पट्टी गरम पाण्यात पंधरावीस मिनिटं भिजवा, मग जागेवर क्लिपांनी धरून पूर्ण वाळू द्या आणि मगच ग्लू लावा. ओली पट्टी रुंदीला फुगलेली असते, तशीच चिकटवली तर वाळल्यावर आक्रसते आणि फट पडते. नाळेचा वळसा फार असेल तर ओल्या पट्टीवर इस्त्री फिरवून वाकवा, लाकूड खरं मऊ होतं ते उष्णतेनेच. ग्लू पांढरा पीव्हीए वापरा, सुपरग्लू पटकन धरतो पण त्याचे डाग पॉलिशखाली उठून दिसतात, आणि पीव्हीए आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सोडवताही येतो.

एक पट्टी डावीकडे लावली की लगेच तशीच उजवीकडे, एकच बाजू पुढे नेऊ नका, वाळताना ओढ बसून कील वाकडी होते आणि एकदा झाली की सरळ होत नाही. कीलला लागून जी पट्टी येते ना, गारबोर्ड, तिचं पुढचं टोक नाळेवर चढू देऊ नका, आधीच थांबवा. ती वर चढली की पुढच्या सगळ्या पट्ट्यांची जागा खाते, तुमचा चढाचढीचा अर्धा त्रास तिथूनच येत असेल असं मला वाटतं.

होडीवेडी
मंडळी खूप खूप आभार!! मोजलं, माझ्याकडे मध्ये 68 आणि नाळेशी 41 आलं, म्हणजे 17 पट्ट्या आणि पुढे साधारण 2.4 मिमी, निम्म्याच्या वर आहे. गारबोर्ड खरंच नाळेवर चढवून धरली होती, खाली घेतल्यावर वरच्यांना लगेच जागा झाली. कडाही अजून नीट उतरवलेल्या नाहीत, आता आधी तेच. एक शेवटचं, टेपर दोन्ही कडांनी कापायचा का एकाच? आणि वरच्या थराच्या पट्ट्या खालच्याच रेषांवर यायला हव्यात का?

रंधा
एकाच कडेने, जी आधी लावलेल्या पट्टीला भिडते ती. दुसरी कारखान्यातून आलेली सरळ कड तशीच ठेवा, पुढच्या पट्टीला स्वच्छ रेघ मिळते. डाव्या उजव्या दोन्ही पट्ट्या एकत्र पकडून एकदमच रंधून घ्या म्हणजे जोडी सारखी निघते. वरच्या थराचा खालच्या रेषांशी काही संबंध नाही, उलट सांध्यावर सांधा न आलेलाच बरा. खालचं अंग घासून गुळगुळीत झालं की परत कागदाची पट्टी घ्या आणि नव्याने मोजा, दीड मिमीचा थर चढल्यामुळे आकडे थोडे बदललेले असतील.