साखरपुड्याची अंगठी: ५० सेंटचा हिरा घ्यावा की ४६ सेंटचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात साखरपुडा आहे. अठरा कॅरेटचं पिवळं सोनं आणि एकच गोल हिरा, एवढं आमचं दोघांचं ठरलंय. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरून बजेट दीड लाख. लक्ष्मी रस्त्यावर बरीच दुकानं पालथी घातल्यावर आता गाडी दोन हिऱ्यांवर अडली आहे. दोन्ही नैसर्गिक, दोन्हींना जीआयएचा (हिरे तपासून प्रत ठरवणारी अमेरिकेतली संस्था) रिपोर्ट.

पहिला ५० सेंट (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट वजन, म्हणजे हा अर्धा कॅरेट), रंग एफ, क्लॅरिटी (आतली स्वच्छता) व्हीव्हीएस२, पण कट (घडण) ‘गुड’. दुसरा ४६ सेंट, रंग एच, व्हीएस१ (रंग आणि क्लॅरिटी दोन्हींत पहिल्यापेक्षा खालची प्रत), पण कट ‘एक्सलंट’, म्हणजे सर्वात वरचा. दुसरा बराच स्वस्त आहे.

दुकानातल्या दिव्यांखाली दोन्ही सारखेच लखलखत होते. मग सेल्समनना विनंती करून दाराशी, साध्या उजेडात पाहिले. पन्नासवाल्याच्या मधोमध काळपट छाया दिसली, चिमटा कसाही फिरवला तरी ती हटेना. दुसरा कडेपर्यंत चमकत होता. रिपोर्टमधली मापं पाहिली तर पहिल्याचा व्यास ४.९९ मिमी, दुसऱ्याचा ४.९६! मग जास्तीचे चार सेंट गेले कुठे?

काका म्हणतात, अर्धा कॅरेट तो अर्धा कॅरेट, चारचौघांत सांगायला बरं. आईचं म्हणणं, सोन्याची मोड येते, हिऱ्याची काय येणार? मला एवढंच हवंय की ही अंगठी तिच्या बोटात रोज छान दिसावी आणि पैसे योग्य जागी जावेत. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

अभिनंदन! काही वर्षं बीकेसीच्या हिरे बाजारात ग्रेडिंगचं काम केलंय, म्हणून लिहितो. पहिल्या हिऱ्याच्या रिपोर्टवर ‘डेप्थ’ (व्यासाच्या किती टक्के खोली) बघा, ६४ टक्क्यांच्या आसपास असणार. तुमचे चार सेंट तिथे आहेत, पोटात. घडवणाऱ्याने वजन ५०च्या खाली जाऊ नये म्हणून दगड खोल ठेवलाय, कारण अर्ध्या कॅरेटला भाव एकदम उडी घेतो. खोल दगडात उजेड वर परतण्याऐवजी खालून निसटतो, तीच ती काळपट छाया.

४६वाला घ्या. पिवळ्या सोन्यात एच पांढराच दिसतो. व्हीएस१ आणि व्हीव्हीएस२ मधला फरक दहापट भिंगाशिवाय कळत नाही, त्याचे पैसे कशाला मोजायचे?

रिपोर्टवरचा फ्लुओरोसन्सचा (अतिनील प्रकाशात हिरा किती उजळतो, त्याचा) रकाना तेवढा वाचा. ‘स्ट्राँग’ असेल तर हिरा भर उन्हात धुरकट तर दिसत नाही ना, हे पाहून घ्या.

प्रतिसाद २

लॅबमध्ये तयार केलेला हिरा विचारात घेतला का? तोही कार्बनच, खरा हिराच, आणि याच बजेटमध्ये एक कॅरेटच्या पुढे जाल. फक्त त्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार उतरलेत, त्यामुळे मोडीची आशा ठेवू नका. तशी नैसर्गिक हिऱ्यातही घट चांगलीच बसते, तुमच्या आईंचं बरोबर आहे.

धागाकर्ता

डेप्थ ६४.६ निघाली! मनापासून आभार. ४६वाल्याला फ्लुओरोसन्स ‘नन’, म्हणजे अजिबात नाही. लॅबच्या हिऱ्याबद्दल आम्ही दोघं बोललो होतो, तिला नैसर्गिकच हवाय. आता शेवटचं: हिरा धरून ठेवणाऱ्या नख्या चार की सहा? ती रोज घालणार आहे, कामावरसुद्धा.

प्रतिसाद १

रोज घालायची तर सहा. एखादी नखी झिजली तरी दगड सहसा पडत नाही. वर्षातून एकदा सोनाराकडून नख्या तपासून घ्या. बिलावर सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन आणि रिपोर्ट नंबर वेगवेगळे लिहून मागा. सोन्यावर ७५० चा (अठरा कॅरेटची खूण) हॉलमार्क आणि एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हवा. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर असेल तर अंगठी ताब्यात घेताना तो भिंगातून स्वतः वाचा आणि रिपोर्टशी जुळवा. जडवायला दिलेला दगडच परत आलाय, हे तिथेच कळतं.