मदत हवी आहे: ४० मिनिटांत आवाज ओठांच्या मागे पडतो

जळगावात घरच्या १० बाय १२ च्या खोलीत अहिराणी गप्पांचा व्हिडिओ पॉडकास्ट करतो. बोलणारे दोघं. चित्र एका अँड्रॉइड फोनवर, आवाजाला वायरवाले कॉलर माइक. आधी दोन्ही माइक स्प्लिटरने एकाच फोनला लावले, पण फोनचा माइक इनपुट मोनो, म्हणजे दोघांचा आवाज एकाच ट्रॅकवर येतो. एकाचं खोकणं दुसऱ्याच्या वाक्यावर बसतं, मग वेगळं काढता येत नाही. म्हणून आता प्रत्येक माइकला वेगळा फोन.

चित्र-आवाज जुळवायला टाळी वाजवतो. सुरुवातीची टाळी तंतोतंत जुळते, ४०व्या मिनिटाची मात्र ४ फ्रेम सरकते. आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) ४८ किलोहर्ट्झच आहे, व्हिडिओ हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला कॉन्स्टंट ३० फ्रेम केलाय (त्याआधी तर अर्धा सेकंद जायचा!). उरलेले सव्वाशे-एक मिलिसेकंद फोनच्या आतल्या, रेकॉर्डिंगचा वेग ठरवणाऱ्या घड्याळांमधलाच फरक दिसतो. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) वेग साधारण ०.००५ टक्के बदलला की जुळतं.

गोधड्या टांगून घुमणं गेलंय, कूलर रेकॉर्डिंगपुरता बंद असतो, तो प्रश्न नाही. बजेट ३००० रुपये, रेकॉर्डिंगला लॅपटॉप नाही.

फोन तेच ठेवले तर हा टक्का दर भागाला तोच चालतो, की आपल्याकडच्या मे महिन्यात फोन तापला की पुन्हा मोजावा लागतो? कुणी मोजून पाहिलंय का?