मदत हवी आहे: माडीवरचं नेटवर्क स्टोरेज खालच्या राऊटरला लांब वायर न ओढता कसं जोडावं?

ओवी_चिपळूण

नमस्कार मंडळी,

घर चिपळूणचं. तळमजला जुना, चिऱ्याच्या भिंतींचा, त्यावर स्लॅब टाकून नंतर चढवलेली माडी. फायबर खाली पडवीत येतं आणि कंपनीच्या माणसाने डबा तिथेच भिंतीवर ठोकून दिलाय, राऊटर त्यातच आहे. मी दोन डिस्कचं नॅस (नेटवर्कला जोडून सगळ्या घराने वापरायचं स्टोरेज) घेतलंय, ते माडीवर मागच्या खोलीत ठेवलंय. दोन्हींत सरळ रेषेत अंतर फार नाही, पण मध्ये एक स्लॅब आणि दोन चिऱ्याच्या भिंती येतात. जिना बाहेरून असल्यामुळे आतून वायर न्यायला वाटच नाही. न्यायचीच तर पडवी, बाहेरची भिंत, जिना, गॅलरी असा पूर्ण वळसा.

'नॅस खाली राऊटरशेजारी ठेवा' हा सल्ला मिळणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगते की ते होणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत चढलं होतं. अल्बम दोन दिवस पाण्यात होते. नंतर एकमेकांना चिकटलेले फोटो सोडवायला गेलो तर कागद हातात राहिला आणि चेहरे प्लॅस्टिकला चिकटून निघून आले. जे वाचलं ते, नातेवाइकांकडून मागून आणलेले फोटो, आजोबांची मुंबईहून आलेली पत्रं, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी, असं सगळं स्कॅन आणि रेकॉर्ड करून साधारण ९०० जीबी झालंय. ते आता लॅपटॉप आणि एका बाहेरच्या हार्डडिस्कवर आहे. हे पुन्हा पाण्याच्या वाटेत ठेवायची माझी तयारी नाही.

आतापर्यंत काय केलं: नॅसला वायफाय नाही, फक्त लॅनचं (नेटवर्कची वायर लावायचं) पोर्ट आहे. यूएसबी डोंगल लावून पाहिला, नॅसने तो ओळखलाच नाही. मग लॅन पोर्ट असलेला रिपीटर (राऊटरचं वायफाय पकडून पुढे देणारा डबा) माडीच्या खोलीत नॅसशेजारी लावला आणि छोट्या वायरने जोडला. चालतं, पण सेकंदाला २-३ एमबीच्या वर जात नाही, आणि मोठा फोल्डर कॉपी करायला लावला की मध्येच तुटतं. पाऊस लागला की आणखी मंद होतं असं मला वाटतं, हा भास आहे की खरं, कोणी सांगेल का?

तळमजल्यावर काका-काकू राहतात. गणपतीसाठी नुकताच रंग काढलाय, शिवाय चिऱ्याला ड्रिल मारलं की भोक भलतीकडे जातं आणि गिलाव्याचा पोपडा निघतो. त्यामुळे भिंतीला हात लावायचा नाहीये. कन्सील्ड पाइप नाहीत, सगळं वायरिंग केसिंग पट्टीतलं.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टर मिळतात असं वाचलं. मेश राऊटरचंही (घरात ठेवलेले दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय देतात ते) वाचलं. या घराला यातलं काय लागू पडेल? घरातल्या फोनमधले फोटो आपोआप वर जाऊन साठावेत आणि पुण्याच्या भावाला तिथून ते बघता यावेत, एवढीच गरज आहे. सिनेमे वगैरे नाहीत.

---

घाटावरचा

पावसाचा भास नाही. चिरा म्हणजे जांभाच, तो सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाण्यात रेडिओलहरी शोषल्या जातात. त्यात वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा लवकर मरतो. ओल्या चिऱ्याच्या दोन भिंती आणि सळयांचा स्लॅब म्हणजे वायफायसाठी फार कठीण जागा.

डोंगलचं म्हणाल तर बऱ्याच नॅसमध्ये ती सोयच नसते. सिनॉलॉजी कंपनीने डीएसएम ७.० (त्यांच्या नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) पासून वायफाय डोंगल चालवणं बंद केलंय. त्या मार्गाला जाऊ नका.

पण एक गोष्ट आधी वेगळी करा. पहिल्यांदा ९०० जीबी भरणं हे एक काम आणि नंतर रोजचे फोटो जाणं हे दुसरं. पहिल्या कामाला नेटवर्कची गरजच नाही. बाहेरची हार्डडिस्क नॅसच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा आणि नॅसच्याच फाइल मॅनेजरमधून कॉपी करा. किंवा लॅपटॉप माडीवर नेऊन हातभर लॅन वायरने थेट नॅसला जोडा. गिगाबिट पोर्टवर मोठ्या फाइली सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे ९०० जीबीला सव्वादोन तास. स्कॅनच्या छोट्या फाइली असल्याने जास्त लागतील, रात्रभर धरून चला. तुमच्या आत्ताच्या ३ एमबीने हेच काम ३ दिवस आणि वर अर्धा दिवस घेईल, तेही न तुटता चाललं तर.

हे एकदा झालं की रोजच्यासाठी ५०-१०० एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. एमबीपीएसला ८ ने भागलं की सेकंदाचे एमबी मिळतात, तो हिशोब लक्षात ठेवा. भावाला पुण्यात मिळणारा वेग तसाही तुमच्या नेटच्या अपलोडवर ठरणार.

आता एवढं सांगा: माडीच्या कुठल्या जागी ५ गिगाहर्ट्झ दिसतं? आणि घराला मीटर किती?

---

ओवी_चिपळूण

हार्डडिस्क थेट नॅसला लावायचं लक्षातच आलं नव्हतं कोणाच्या. आजच रात्री लावून ठेवते, खूप आभार!

मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ अजिबात दिसत नाही. गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या खिडकीत दोन-तीन दांड्या दिसतात, कारण तिथून पडवीचा दरवाजा थेट खाली येतो. मीटर दोन आहेत, खालचं काकांचं, माडीचं वेगळं. माडीवर इन्व्हर्टरही आहे.

---

फेज_न्यूट्रल

दोन मीटर म्हटल्यावर पॉवरलाइनवर पैसे घालू नका. ते ॲडॉप्टर एकाच मीटरच्या, एकाच फेजच्या वायरिंगवर बरे चालतात. तुमच्याकडे सिग्नलला काकांच्या बोर्डातून निघून त्यांच्या मीटरमधून बाहेर, मग तुमच्या मीटरमधून परत आत असा प्रवास करावा लागेल. दोन मीटर वेगळ्या फेजवर टाकलेले असतील तर विषयच संपला. शिवाय माडीवरचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर तिथे आणखी अडतं. खोक्यावर ६०० किंवा १००० एमबीपीएस लिहिलेलं असतं, पण तो आकडा कागदावरचा. आमच्या एका मीटरच्या फ्लॅटमध्ये १००० वाल्या जोडीने चांगल्या दिवशी १५० दिले आणि मिक्सर लावला की ६०.

ज्यांच्याकडे एकच मीटर आहे त्यांनी वाचताना एवढं घ्या: ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच खोचायचा. सर्ज प्रोटेक्टरवाल्या एक्स्टेन्शन बोर्डात लावला तर तो बोर्ड सिग्नललाच गाळून टाकतो.

---

मेशवाले_आजोबा

रिपीटर नॅसशेजारी ठेवलात तिथे सिग्नलच मेलेला आहे, तो पुढे काय देणार? तोच रिपीटर खिडकीत ठेवून पाहा. तिथून नॅसपर्यंत माडीवरच्या माडीवर दहा-बारा मीटरची चपटी लॅन वायर दरवाजाच्या चौकटीवरून नेता येईल, ती दिसतही नाही. वायर कॉपरची आहे ना ते विचारून घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली पुष्कळ विकली जाते, आपल्या खाऱ्या-दमट हवेत तिचे जोड लवकर खराब होतात.

मेश घेणार असाल तर प्रत्येक नगाला लॅन पोर्ट आहे हे बघा, आणि परवडत असेल तर तीन बँडचा घ्या. दोन बँडच्या मेशमध्ये राऊटरशी बोलायला आणि तुमच्या फोनशी बोलायला एकच बँड वाटून घ्यावा लागतो, वेग निम्म्यावर येतो. दुसरं, मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे तो फक्त वायफाय देतो, स्वतः राऊटर होत नाही) टाकायला विसरू नका. राऊटर मोडमध्ये ठेवलात तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतील, आणि काकूंच्या फोनला नॅस सापडणार नाही. नॅसला नेटवर्कवरचा पत्ताही (आयपी) कायमचा देऊन ठेवा. रिपीटर पुष्कळदा स्वतःचा मॅक पत्ता (यंत्राची ओळख) पुढे करतात, मग राऊटरमध्ये नॅससाठी केलेलं पत्त्याचं आरक्षण लागू पडत नाही. पत्ता नॅसच्या सेटिंगमध्येच भरायचा, राऊटर आपोआप वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा.

---

काचेची_तार

मी रत्नागिरी जिल्ह्यातच फायबर जोडण्या करतो. ताई, तुम्ही सगळे नॅसला राऊटरपर्यंत न्यायचा विचार करताय. राऊटरच माडीवर न्या की.

पडवीत डबा बसला कारण खांबावरून तार तिथे उतरवायला सोपी पडली. दुसरं कारण क्वचितच असतं. फायबरची तार लॅनच्या वायरीपेक्षा बारीक, आणि खांबावरून ती थेट माडीच्या गॅलरीत उतरवता येते. खालच्या मजल्याला, रंगाला, चिऱ्याला कुठेच हात लागत नाही. गॅलरीच्या खिडकीच्या चौकटीतून आत आणि तिथून मागच्या खोलीत नॅसच्या टेबलापर्यंत. मग नॅस आणि राऊटर यांच्यात अर्ध्या मीटरची वायर पुरते आणि पूर्ण गिगाबिट मिळतं.

कंपनीकडे शिफ्टिंगची तक्रार नोंदवा, म्हणजे माणूस येतो. बरेचदा खांबाजवळ वेटोळं करून तार शिल्लक ठेवलेली असते, ती पुरली तर जोडही द्यावा लागत नाही. माणूस आला की तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. तार कोपऱ्यात काटकोनात मोडू देऊ नका, वळण गोल ठेवा. हिरव्या टोकाच्या कनेक्टरच्या पांढऱ्या टोकाला बोट लावू देऊ नका, बोटाच्या तेलानेसुद्धा प्रकाश अडतो. आणि काम झाल्यावर मीटर लावून उजेडाचं माप दाखवायला सांगा. जीपॉनचा, म्हणजे घरगुती फायबरचा, डबा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (उजेडाचं माप, उणे आकडा मोठा तितका उजेड कमी) आत चालतो, पण उणे २७ च्या काठावर सोडून गेला तर पहिल्याच पावसात लाल दिवा लागेल. उणे २४-२५ च्या अलीकडे असेल तर निर्धास्त राहा.

बाहेरून लॅनची वायर नेण्याचा विचार मात्र करू नका. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा चालू झाल्या की तांब्याच्या लांब वायरीतून झटका येतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जातात. असे जळलेले राऊटर मी दर वर्षी बदलतो. काचेतून वीज वाहत नाही. फक्त त्या तारेसोबत आधाराची पोलादी तार असते, ती घराबाहेरच हुकला बांधून तोडायची, आत आणायची नाही.

आणि पुराचं म्हणाल तर पडवीतला डबा पहिल्या फूटभर पाण्यातच बंद पडेल. तोही वर गेलेलाच बरा.

---

घाटावरचा

हे सगळ्यात उत्तम. मी उगाच वायफायच्या हिशोबात अडकलो होतो. फक्त खालच्या मजल्याचं काय ते बघा. काका-काकूंना नेट आता वरून खाली जावं लागेल.

---

मेशवाले_आजोबा

त्याला तोच रिपीटर पुरे. जिन्याजवळच्या पडवीत लावायचा. टीव्ही आणि व्हॉट्सॲपला तेवढं झालं, ९०० जीबी तिथून न्यायचे नाहीत.

---

दोन_प्रती

धागा नॅस जोडण्याचा आहे, तरी एक लिहितेच. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवत असल्या तरी तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदम जाते, आणि वीज पडली तर दोन्ही एकदम. ती बाहेरची हार्डडिस्क भरून झाल्यावर रिकामी करू नका, भावाकडे पुण्याला ठेवून द्या. आजीच्या ओव्यांची दुसरी प्रत वाशिष्ठीपासून लांब असलेली बरी. आणि इन्व्हर्टर असला तरी नॅसला यूएसबीने जोडला जाणारा छोटा यूपीएस घ्या. लाईट जास्त वेळ गेली की तो नॅसला नीट बंद व्हायला सांगतो. इन्व्हर्टरची बॅटरी संपते तेव्हा नॅसला काहीच कळत नाही.

---

ओवी_चिपळूण

सगळ्यांचे मनापासून आभार. हार्डडिस्क यूएसबीने लावली, रात्रीतून जवळजवळ सगळं भरलं गेलं. आता उरलेत फक्त लॅपटॉपवरचे पत्रांचे स्कॅन. भाऊ दिवाळीला येतोय, हार्डडिस्क त्याच्याबरोबर जाईल.

काचेची_तार, तुमचं काकांना वाचून दाखवलं. खांब खरोखरच गॅलरीच्या समोर आहे आणि वेटोळंही दिसतंय. काकांची एकच अडचण निघाली: त्यांचा लँडलाइन फोन त्याच डब्याला लागतो. डबा वर गेला की फोनही वर जाणार, आणि त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. गावातले सगळे अजून त्याच नंबरवर फोन करतात, तो बंद करणं शक्यच नाही. कॉर्डलेसचा तळ माडीवर आणि हँडसेट खाली असं चिऱ्याच्या घरात चालतं का?

---

काचेची_तार

कॉर्डलेसचा भरवसा नको, त्यालाही तोच स्लॅब आडवा येईल. फोनला साधी दोन तारांची टेलिफोनची वायर लागते. आवाजाला वेग लागत नाही, त्यामुळे जुनी, गंजकी नसलेली कुठलीही चालते. तांब्याच्या लँडलाइनच्या काळातली वायर जिन्याच्या कठड्याला अजून असेल तर तीच वापरता येईल. ती बाहेरून जाते, म्हणून विजा चालू झाल्या की डब्याच्या मागची फोनची पिन तेवढी काढून ठेवायची. शिफ्टिंगच्या दिवशी आलेल्या माणसाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

---

ओवी_चिपळूण

आहे! कठड्याखाली पांढऱ्या क्लिपांनी ठोकलेली, वर गॅलरीपर्यंत गेलेली. माडीवर पूर्वी एक्स्टेन्शन होतं त्याची. वरच्या टोकाचा डबा उघडून पाहिला, तारा तांबूस आहेत, हिरव्या पडलेल्या नाहीत. उद्या सकाळी शिफ्टिंगसाठी नोंद करते आणि माणूस येऊन गेला की उजेडाचं माप इथे टाकते. उणे २५ च्या पलीकडे आलं तर लगेच कळवा, म्हणजे त्याला तेव्हाच थांबवून ठेवता येईल.